दौसिंगी

नानांची बायको कुमुदिनी गेल्याचं कळलं त्या दिवशी ग्वाल्हेरच्या दाना ओलीतून सगळ्यांत आधी समोरच्या घरातले दौलतसिंह आले. संध्याकाळी लोक पांगले. "चलता हूँ, नाना साहब," ते म्हणाले आणि नेहमीसारखे दारातच उभे राहिले. चौकटीला हात लावून. दिवे लागले तरी तसेच.

नानांची मुलगी अवंतिका रडता रडता पुटपुटली, "दौसिंगी."

हा शब्द कुमुदिनीचा. जातो म्हणून उठायचं आणि दारात तासभर बोलत राहायचं, याला तिने चिडून 'दौलतसिंगी' नाव ठेवलं होतं. तिच्या पोळ्या खोळंबायच्या. घरच्यांच्या तोंडी शब्द झिजला, दौसिंगी झाला. पुढे त्यातला रागही गेला. अवंतिका सासरी परत निघाली की कुमुदिनीच म्हणायची, "थोडी दौसिंगी कर ना गं." शेवटच्या आजारात दवाखान्यात नाना घरी जायला उठले की त्यांनाही तेच म्हणायची.

तिथेच एकदा म्हणाली, "त्यांना सांगून टाका हो. भल्या माणसाच्या नावाची चेष्टा केली मी. माझ्या वतीने माफी मागा."

तेरावं झालं. दौलतसिंहांनी नानांना जेवायला बोलावलं. आज सांगायचंच, असं ठरवून नाना गेले. पण मनात भीती होती. हे ऐकल्यावर हा माणूस आपल्याकडे येईल का? संध्याकाळी आता दुसरं कोणी येत नव्हतं.

ताटं मांडली. गरम रोट्या आल्या.

"ठाकुर साहब, एक बात कहनी थी," नानांनी सुरुवात केली.

तेवढ्यात आतून दौलतसिंहांची सून सोनिका म्हणाली, "बाबूजी, दाल में कुमुद डालूँ?"

दौलतसिंहांचा रोटी मोडणारा हात थांबला.

"क्या डाल रही हो, बेटा?" नानांनी विचारलं.

"कुमुद, काकाजी." सोनिका गुळाची वाटी घेऊन बाहेर आली. "हमारे भिंड में तो दाल में कोई गुड़ नहीं डालता. यहीं आकर सीखा. ग्वालियर में गुड़ को कुमुद ही कहते हैं ना?"

तिने कुमुदिनीला कायम काकीजीच म्हटलं होतं. नाव तिला ठाऊकच नव्हतं.

दौलतसिंह ताटाकडे बघत राहिले. "माफ करना, नाना साहब. भाभी आमटी भेजती थीं, मीठी. हम लोग हँसते थे, ये मराठे दाल का हलवा बनाते हैं. फिर आदत पड़ गई. बिना गुड़ के दाल गले से उतरती नहीं थी. मज़ाक में नाम रखा था. बच्चों की ज़ुबान पर चढ़ गया. अब किसी को याद भी नहीं, कहाँ से आया."

नानांनी डाळीची वाटी सोनिकाच्या पुढे केली.

"डालो, बेटा. थोड़ी और."

इतक्या दिवसांत नानांना पहिल्यांदाच जेवण गेलं. कुमुदिनीने सांगितलेली माफी मागायची अजून राहिली आहे.