मातामायची हद्द

देवाची सत्ता चराचरावर चालते. सानगडीच्या मातामायची मात्र नाल्यापर्यंतच, कारण पलीकडचं गाव दुसऱ्या देवीचं. आंध्राच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आल्याचं रेडिओवर ऐकलं, तेव्हा बायजाबाईपुढे हीच अडचण आली. तिचा दुलीचंद दोन वर्षांपूर्वी तिकडेच मजुरीला गेला होता. तेव्हापासून न धुतलेला त्याचा सदरा तिनं देवीसमोर पसरला. "मातामाय, सौंदडले गाडीत बस, चांद्याले बदल, मंग इचारत समुद्रावर जाय. वासावरून पोराले शोध अन् घरी आण." पुजारी भैय्यालाल म्हणाला, "काकू, तिची हद्द नाल्यापर्यंत. तिले कायले धाडून राहिली?" "मंग तू जातं का?" पुजारी घंटा पुसू लागला. बायजाबाई तीन दिवस उपाशी तिथंच बसली. चौथ्या दिवशी दुलीचंदचं कार्ड आलं: "माय, फिकर नको करू. मी पोळ्यापासून तुमसरलेच आहो." तुमसरहून सानगडीला रोज दोनदा एस.टी. येते.