चार नंबरचं काउंटर

“काका, जरा हसा,” मॅनेजर म्हणाला. “लोक फोन घ्यायला आलेत, दवाखान्यात भेटायला नाही.”

काका हसले. चार नंबरच्या काउंटरवर त्यांचा आज अकरावा दिवस होता. दुकानाचा टी-शर्ट पोटावर ताणला जात होता आणि सकाळपासून उभं राहून पोटऱ्यांत गोळे आले होते. स्टूल होतं, पण ते गिऱ्हाइकासाठी.

इथं त्यांना कुणी नावानं हाक मारत नव्हतं. पहिल्या दिवशी मॅनेजरनं त्यांच्या छातीवरची पाटी वाचली, डोक्यावरचे पांढरे केस पाहिले आणि ‘काका’ म्हणून मोकळा झाला.

बावीस वर्षं ते कारखान्यात होते, शेवटची नऊ फोरमन म्हणून. मशीनच्या नुसत्या आवाजावरून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. आता कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आणि बॅटरी किती तास टिकते ते सांगत होते, तेही शाळेतल्यासारखं घोकून.

कारखान्यानं हातात चिठ्ठी ठेवून निरोप दिला, हे घरी ठाऊक नव्हतं. बायकोला त्यांनी सांगितलं होतं की दुसऱ्या गावच्या कारखान्यात बदली झाली आहे. मुलीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. तिची परीक्षा होऊ दे, मग सांगू, असं ते स्वतःला समजावत. खरं म्हणजे सांगायला तोंड नव्हतं.

संध्याकाळी आठ वाजता भाड्याच्या खोलीतल्या खाटेवर पाय पसरून ते घरी फोन लावायचे. दिवसभर त्या एका फोनाची वाट असायची.

“जेवलात?” बायकोनं कालही विचारलं होतं.

“आत्ताच. तुझा घसा का बसलाय?”

“शेजारच्या वहिनींशी गप्पा. दुसरं काय काम आहे मला दिवसभर?”

“दुपारी फोन केला होता मी. उचलला नाहीस.”

“डोळा लागला होता. दुपारचा नका करत जाऊ.”

“बरं. पोरगी?”

“अभ्यासाला बसलीय. तुमचं कसं चाललंय? नवीन माणसं ऐकतात ना?”

“ऐकतात की. साहेब, साहेब करत मागं फिरतात.”

“छान. अजून काही?”

हे ‘अजून काही’ त्यांना हल्ली टोचायचं. पूर्वी कारखान्यातून फोन केला की तीच ठेवू द्यायची नाही. दुधवाल्यापासून मांजरापर्यंत सगळ्यांची खबर द्यायची. माणूस लांब गेला की घर हळूहळू त्याच्यावाचून राहायला शिकतं, असं काहीतरी मनात यायचं आणि मग ते दिवा मालवून नुसते पडून राहायचे.

आज दुपारी एक आजी तावातावानं आत आल्या. परवाच त्यांनी काकांकडून फोन घेतला होता.

“डबडं दिलंत मला! जुना नंबर यात चालू होईल म्हणालात. दोन दिवस झाले, मुका बसलाय.”

काकांनी फोन उघडून पाहिला. नवं सिम बरोबर बसलं होतं, त्यावर जुना नंबरच सुरू झाला नव्हता.

“सिमकंपनीच्या हेल्पलाइनला लावा म्हणावं,” मॅनेजर पलीकडून ओरडला. “तो आपला प्रश्न नाही.”

आजींचा आवाज एकदम खाली आला. “माझा मुलगा जहाजावर असतो हो. आज त्यांचं जहाज बंदराला लागणार. आज नाही लागला फोन, तर मग पुढच्या महिन्यात.”

काकांनी स्टूल पुढं सरकवलं. “बसा आजी. आपण लावू.”

जेवणाची सुट्टी सुरू झाली होती. डबा तसाच ठेवून त्यांनी काउंटरवरच्या फोनवरून हेल्पलाइनला लावलं आणि स्पीकर चालू केला. पंचवीस मिनिटं तीच एक धून वाजत राहिली. दुकानात छताच्या स्पीकरमधून दुसरंच गाणं आदळत होतं. शेवटी कुणीतरी उचललं.

“नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?”

पाठ केलेलं वाक्य. दिवसभर तेच तेच बोलून सपाट झालेला बाईचा आवाज, त्यात लाइनची खरखर. तिकडंही कुणीतरी आपल्यासारखंच दिवस ढकलतंय, काकांना वाटलं. त्यांनी दुकानातल्या ठेवणीतल्या भाषेत सगळं सांगितलं.

“क्षमस्व सर. या प्रक्रियेला आणखी दोन दिवस लागतील.”

“मॅडम, थोडं बघता का? घरच्या माणसाच्या फोनाची वाट बघणं काय असतं, ते मला माहीत आहे. मीही घर सोडून राहतो.”

पलीकडून नुसता की-बोर्डचा आवाज आला.

“वरिष्ठांना विचारते. लाइनवर राहा.”

पुन्हा ती धून. आजी फोन दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या. पाच मिनिटांनी त्यांच्या हातातला फोन थरथरला आणि पडद्यावर नेटवर्कच्या रेघा उमटल्या. आजींनी काकांचा हात घट्ट दाबला. फोन छातीशी धरून त्या तशाच घाईनं बाहेर पडल्या.

“झालं मॅडम. फार उपकार झाले.”

“नोंदीसाठी दुकानाचा कोड आणि आपलं पूर्ण नाव सांगाल?”

काकांनी कोड वाचला. मग नाव सांगितलं, कारखान्यातल्या सवयीनं, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट.

पलीकडचा की-बोर्ड एकदम थांबला. लाइन तुटली असं वाटून काकांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला.

“हॅलो? मॅडम, ऐकू येतंय ना?”

“अहो,” ती अगदी हळू म्हणाली, “तुम्ही तर या वेळी कारखान्यात असता ना?”