कुमुदिनीबाईंची प्रतिकृती

कुमुदिनीबाईंच्या जिभेच्या कॅन्सरवर सर्जन, रेडिएशन आणि केमोचे डॉक्टर आपापलंच रेटत होते. शेवटी त्यांनी बाईंच्या संगणकावर बनवलेल्या, पडद्यावर बोलणाऱ्या हुबेहूब प्रतिकृतीला विचारलं. संगणकात तिनं तिन्ही उपचार आधीच भोगले होते.

“ऑपरेशननं वाचले, पण नातीला हाक मारता येईना. केमोनं जेमतेम वर्ष दिलं. रेडिएशननं तोंड सोलून निघालं, तरी हाक मारता आली. तेच द्या. आणि किती दुखलं ते बाहेर बसलेल्या कुमुदिनीला सांगू नका. घाबरेल ती.”

सर्जन डॉ. बिवलकर बाहेर आले. बाईंनी आधी विचारलं, “तिला फार त्रास झाला का हो?”

“फारसा नाही.”

“असं सांगायला तिनंच सांगितलं असेल. ओळखते मी तिला,” बाई म्हणाल्या. “आता तिचं दुखणं थांबवा, डॉक्टर. पुढचं मी सोसते.”