पंख वाळवणारा पाणकावळा

"मॅडम, तो पक्षी आहे, आजारी नातेवाईक नव्हे. जवळ जाऊन विचारपूस करायची नसते."

अनिरुद्धने मान न वळवताच हे सुनावलं. काठाकडे निघालेली नम्रता जागीच थांबली. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या क्लबात येऊन तिला महिनाही झाला नव्हता. कॅमेरा कोरा, लेन्स छोटी, उत्साह मात्र दांडगा. कवडीपाटच्या बंधाऱ्यावर दर रविवारी असली मंडळी उगवतात. अनिरुद्धला त्यांची शिसारी येई.

संक्रांतीनंतरचा रविवार होता. समोरून सूर्य वर येत होता, नदीवर वाफ होती, आणि प्रवाहातल्या वठलेल्या बाभळीवर एक पाणकावळा दोन्ही पंख पसरून होता. उजेडाविरुद्ध नुसती काळी आकृती, पंखांच्या कडा तेवढ्या सोनेरी. गेल्या वर्षी असाच एक पक्षी ऐनवेळी उडाला आणि प्रदर्शनाचा चषक अनिरुद्धच्या हातून गेला. यंदा तो त्याला हवाच होता.

"सर, पण केव्हापासून बघतेय, तो हललाच नाही."

"पाणकावळे पंख वाळवतात. पुस्तकं मिळतात हो अप्पा बळवंत चौकात. वाचावीत अधूनमधून."

"मान खाली गेलीय त्याची."

"मग? आपण आलात म्हणून त्याने उठून नमस्कार करायचा का?"

मागे बसलेले दोघेतिघे हसले. नम्रताचे कान लाल झाले, तरी ती हटेना.

"तिकडे मासेवाल्यांची होडी आहे. त्यांना सांगून जरा बघून येऊ का?"

"जरूर जा. आणि पुन्हा क्लबात येऊ नका. पक्ष्याच्या आयुष्यात लुडबुड करायची नाही, हा आपला पहिला नियम. तुमच्यासारख्या हौशी लोकांमुळेच पक्षी नदी सोडून जातात."

ती गाडीकडे परतली. एक ब्याद टळली. अनिरुद्धने मग निवांत, मन लावून फोटो काढले. इतका समजूतदार पक्षी त्याला जन्मात भेटला नव्हता.

दुपारी घरी जेवण उरकून त्याने सगळ्यांत देखणा फोटो निवडला आणि पडद्यावर मोठा केला. वाफ, ऊन, पिसांच्या कडा, सगळं जिथल्या तिथे होतं. चषक त्याचाच होता.

मग तो उरलेल्या कामाला लागला. दोन्ही पंखांना फांद्यांशी जखडणारा नायलॉनचा मांजा पुसून टाकायचं काम त्याने सकाळी पहिला फोटो काढतानाच दुपारसाठी राखून ठेवलं होतं.