चुन्याचं बोट

सोनाबाईचं तेरावं उरकलं आणि महिन्याच्या आतच तिची म्हातारी काबरी कोंबडी कातड्यासारख्या मऊ कवचाची अंडी घालायला लागली. सोलापूरच्या गोऱ्या साहेबाच्या खानसाम्यानं दुसऱ्यांदा टोपली परत पाठवली, तशी सून गोजराच नवऱ्याला, भीमाला, म्हणाली, "म्हातारी झाली ती. कापून टाका की."

भीमा अंगणात दगडावर सुरी घासायला बसला. गोजरा कोंबडी धरायला ओसरीवर आली, तर काबरी खांबाच्या बुडाशी कोऱ्या लाकडावर टकाटका चोच मारत होती.

गोजराचा हात थबकला. पान लावून झालं की सासू चुन्याचं बोट याच खांबाला पुसायची. कोंबडी म्हातारी होत गेली तशी जास्तच पुसायची, तेही खाली वाकून. त्यावरून दोघींचं रोज वाजायचं. तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी गोजरानं खांब घासून लख्ख केला होता.

"घावली का गं?" सुरीचा आवाज थांबला.

"अवो, ठिवा ती सुरी खाली."

 

गोजरानं सासूची चुन्याची डबी उघडली, बोटभर चुना घेतला आणि खाली वाकून खांबाला पुसला.