हाताची पारख

रावजीने पाहुण्याचा पंजा हातात घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि झुरळ झटकावं तसा सोडून दिला.

"हा काय हात हाय? बाळंतिणीची टाच यापरीस कडक असते."

कुडपण गावात रावजीची ही पारख ठरलेली. बैल शिंगावरून, माणूस हातावरून. तोंडाकडे बघायची त्याला गरजच वाटत नसे, आणि हल्ली धड दिसतही नव्हतं. महाडच्या डॉक्टरने मोतीबिंदू काढायला सांगितला, तर म्हणे, "डॉक्टरचे हात बघितलेस? नुसता कापूस!" संपलं ऑपरेशन.

"मामा, मी एमआयडीसीत पिंपं भरतो," प्रवीण म्हणाला. "क्रीममध्ये घालायचं तेल. चिकट नाय लागत, कातडी मऊ ठेवतं. दिवसभर हाताला लागतं ना, म्हणून..."

"नाव काय त्या तेलाचं?"

"आयसोप्रोपिल मायरिस्टेट."

"थू! तिळाचं नाय, खोबऱ्याचं नाय, कशाचंच नाय, आणि म्हणे तेल!"

"घरची शेतीपण हाय, मी स्वतः..."

"पुरे. चहा प्या आणि निघा."

पाहुण्याचं नाव विचारण्याचे कष्टही या शहाण्याने घेतले नाहीत.

आत स्नेहल हुंदके देत होती. तिला हाच मुलगा हवा होता. महाडच्या शिवणक्लासला जाता-येता दोन वर्षांची ओळख. स्थळ घेऊन या म्हणून सोमामामाला गळ घातली तीही तिनेच. आता बाप दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात बांधणार.

"उगी गो," प्रयागबाई लेकीला म्हणाली. "तुझ्या बापाशी बोलणं म्हंजे कातळावर पेरणी."

तीन महिन्यांनी सोमामामा पुन्हा पाहुणा घेऊन आला. रावजीने मान वर न करताच हात पुढे केला. पंजा हातात आला आणि स्वारी खुलली. घट्टे होते, भेगा होत्या. बोटं तर नांगराच्या रुमण्यासारखी.

"काय पिकवतोस रे?"

"नाचणी. वरी."

"स्वतः राबतोस?"

"होय."

"याला म्हणतात हात! सोमा, काढ सुपारी."

"अवो, पोरीला तरी विचारा," प्रयागबाई दारातून म्हणाली.

"तिला काय कळतंय?"

"तुम्ही म्हणाल तसं, बाबा," स्नेहल खाली बघत म्हणाली. अशी गुणाची लेक आपल्याच वळणामुळे, असं रावजीला वाटलं. वाटणारच.

सुपारी फुटली. कुडपणात फुटलेल्या सुपारीचा शब्द फिरत नाही. फिरवला तर पुन्हा त्या दारात कुणी सोयरीक घेऊन येत नाही.

"नायतर तो मागचा मलमवाला!" रावजी मांडीवर थाप मारून हसला. "कारखान्याचं लोणी! माझ्या नजरेतून सुटतोय होय? बरं, जावईबापू, नाव काय तुमचं?"

"प्रवीण," पाहुणा म्हणाला. "हल्ली हातमोजे घालून पिंपं भरतो, मामा."