पुढे वाचा

"एवढंच लिवलंय व्हय तुमी?" रखमाजी म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणूनच चैत्रालीला जास्त अवघडल्यासारखं झालं.

भोरमधल्या एका साप्ताहिकाची मोबाईलवरची पानं ती आखायची. मोठे लेख लोक कसे वाचतात ते पाहायला एसटीनं मार्गासनीला आली होती आणि रखमाजींच्या ओट्यावर बसली होती. त्यांच्या मोबाईलवर त्यांच्या बायकोवरचा लेख होता. फुलाबाई वाड्यावस्त्यांवर जाऊन बाळंतपणं करायच्या. लेख यायच्या आधीच त्या गेल्या.

"चार वळी," रखमाजी म्हणाले. "सारा जलम लोकांची पोरं झेलण्यात गेला तिचा. म्या रोज उघडून बघतो. वाटतं, आज तरी कायतरी जास्ती असंल."

चैत्रालीनं मोबाईल हातात घेतला. चौथ्या ओळीखाली फिकट निळ्या अक्षरांत 'पुढे वाचा' असं होतं. लांबलचक लेख दिसला की माणसं कंटाळतात, म्हणून बाकीचा लेख झाकायचं तिनंच ठरवलं होतं. पान देखणं दिसावं म्हणून अक्षरंही बारीक ठेवली होती.

"आजोबा, चुकलं माझं. लेख मोठा आहे. इथं बोट लावा."

त्यांनी बोट लावलं. खाली मजकूरच मजकूर आला. चैत्रालीनं अक्षरं मोठी करून दिली. रखमाजी एकेक शब्द जुळवत मोठ्यानं वाचू लागले. लिहिणाऱ्यानं फुलाबाईंचं बोलणं होतं तसंच ठेवलं होतं.

"लोक म्हनत्यात, फुलाबाई लई धीराची. पर आमचं मालक रातच्याला संगं यायचं. पोराचा आवाज येईस्तवर भाईर बसून ऱ्हायचं. ते भाईर हायेत म्हनून माजा हात कंदी थरथरला न्हाई."

रखमाजी थांबले. त्याच ओळी त्यांनी पुन्हा वाचल्या, या वेळी मनातल्या मनात.

"मला कंदी बोलली न्हाई," ते म्हणाले. "उलट म्हनायची, तुमी कशाला येताय, बिड्या फुकाय?"

ते हसले, आणि हसता हसता उपरण्यानं डोळे पुसू लागले. चैत्रालीनं रस्त्याकडं नजर वळवली.

थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "पुढं अजून बरंच आहे, आजोबा."

"असू दे. आज एवढं पुरं." मग त्यांना शंका आली. "उद्या हितनंच उघडंल न्हवं?"

पान दर वेळी पहिल्या ओळीपासूनच उघडायचं. वाचणारा कुठं थांबला, हे लक्षात ठेवायचं तिला सुचलंच नव्हतं.

"उघडेल," चैत्राली म्हणाली आणि तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला. "मला फक्त थोडा वेळ इथं बसू द्या."

"बस की, पोरी." रखमाजी चहाचं आधण ठेवायला आत गेले. मोबाईल मात्र त्यांनी हातातनं खाली ठेवला नाही.